तोलुंडचा माणूस आणि करपलेली पेज

मे १९५०. डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गजवळच्या दलदलीत एक कुटुंब जळणासाठी पीट खणत होतं. पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षं थरावर थर साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ. वाळवलं की चुलीत घालता येतं. जमिनीखाली अडीचेक मीटरवर त्यांना एक चेहरा दिसला. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या, हनुवटीवर दाढीचे खुंट. ताजा खून समजून त्यांनी पोलिसांना कळवलं. तो माणूस जाऊन सुमारे २४०० वर्षं झाली होती.

इतकी वर्षं देह टिकतो कसा? किमया आहे स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची. ते वाढतं तिथलं पाणी आम्लधर्मी होतं. तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतो, वर तिकडची थंडी. कुजवणाऱ्या जिवाणूंचं तिथे काही चालत नाही. शिवाय मेलेल्या शेवाळातून स्फॅग्नन नावाचा, साखरेच्या कुळातला एक पदार्थ पाण्यात उतरतो आणि त्वचेतल्या प्रथिनांना जखडून टाकतो. आपल्याकडे बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडं कमावतात. इथे दलदलच माणसाची कातडी कमावते. ती काळपट तपकिरी होते, केस तांबूस होतात. हाडांचं मात्र उलटं. व्हिनेगरमध्ये ठेवलेल्या अंड्याचं कवच विरतं, तसं आम्ल हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे एरवी आधी नष्ट होतं ते इथे उरतं आणि एरवी उरतं ते विरघळू लागतं. मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं, कारण हाडांवरून कळणार नाही असं बरंच काही त्यामुळे हाती लागतं.

उदाहरणार्थ, त्याचं शेवटचं जेवण. आतडी शाबूत असल्यामुळे २०२१ साली संशोधकांनी त्यातलं अन्न पुन्हा बारकाईने तपासलं. मरणाआधी १२ ते २४ तास त्याने पेज खाल्ली होती. बहुतेक भाग सातूचा, थोडे जवस, मळणीत वेगळ्या पडणाऱ्या एका तणाचं बी आणि सोबत मासे. अन्नात करपलेले बारीक कणही सापडले. मातीच्या भांड्याच्या तळाशी लागते ती खरवड! पोटात जंतांची अंडीही होती, पट्टकृमींचीसुद्धा. पाखडून बाजूला पडणारं तणाचं बी पेजेत मुद्दाम घातलं असावं आणि ते कदाचित बळीच्या विधीचा भाग असेल, असं संशोधकांना वाटतं.

कारण त्याच्या गळ्यात चामड्याची विणलेली दोरी होती. फासाचा वळ हनुवटीखाली आणि मानेच्या बाजूंना आहे, मागे नाही. म्हणजे त्याला टांगलं होतं. अंगावर फक्त मेंढीच्या कातड्याची टोपी आणि कमरेला पट्टा. मात्र त्याला कुणी नुसतं फेकून दिलेलं नव्हतं. पाय पोटाशी घेऊन, झोपल्यासारखं कुशीवर निजवलेलं होतं.

त्या दलदलीत तो एकटाही नव्हता. जेमतेम ८० मीटरवर १९३८ सालीच एक स्त्री सापडली होती. तिच्याही गळ्यावर फासाचा वळ होता. तिचा चेहरा टिकला नाही, पण सुमारे ९० सेंटिमीटर लांब केसांची, नीट घातलेली वेणी अजून तशीच आहे.