एका घरात अनेक टीव्ही, प्रत्येकावर एचडी : मल्टी टीव्ही जोडणीसाठी अर्ज कसा करावा

ठाणे किंवा नवी मुंबईतील घरात बैठकीच्या खोलीत डीटीएचची एचडी जोडणी आधीपासून असेल आणि आता आतल्या खोलीतही टीव्ही लावायचा असेल, तर नवी स्वतंत्र जोडणी मागू नये. चालू खात्यावरच दुय्यम जोडणीसाठी, म्हणजे मल्टी टीव्हीसाठी, अर्ज करावा. चित्र दोन्ही मार्गांनी सारखेच दिसते, परंतु स्वतंत्र जोडणीला पूर्ण नेटवर्क शुल्क (वाहिन्यांच्या दराव्यतिरिक्त जोडणीसाठी दरमहा द्यावी लागणारी रक्कम) आणि वेगळा ग्राहक क्रमांक लागतो, आणि हा फरक पुष्कळदा नवा बॉक्स भिंतीवर चढल्यानंतरच ध्यानात येतो.

दुसरा बॉक्स न घेता काम भागेल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. एकाच बॉक्सला एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एक संकेत दोन टीव्हींना वाटून देणारे उपकरण, लावून दोन टीव्ही चालवता येतात आणि त्यासाठी कोणताही अर्ज लागत नाही. मात्र दोन्ही पडद्यांवर एकच वाहिनी दिसते, आणि साधी एचडीएमआय केबल फार लांब नेली की चित्र तुटू लागते. आजी एका खोलीत मालिका पाहत असताना दुसऱ्या खोलीत क्रिकेट पाहायचे असेल, तर प्रत्येक टीव्हीला स्वतःचा एचडी सेट टॉप बॉक्स हवाच.

पात्रता

मूळ जोडणी चालू स्थितीत असावी, अर्जदाराच्या नावावर असावी आणि नवा टीव्ही त्याच पत्त्यावर असावा. अडचण बहुधा नावाची येते. जोडणी वडिलांच्या किंवा आधीच्या घरमालकाच्या नावावर राहिलेली असेल, तर आधी नाव बदलून घ्यावे आणि मगच दुय्यम जोडणी मागावी. अन्यथा पुढे बॉक्स बिघडला किंवा घर बदलले, की प्रत्येक वेळी मूळ नावाच्या व्यक्तीची संमती शोधत बसावे लागते. भाडेकरूंनाही अर्ज करता येतो.

कागदपत्रे

ग्राहक क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक, ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एवढी तयारी ठेवावी. भाडेकरूने नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारनाम्याची प्रत आणि भिंतीला छिद्र पाडण्यास घरमालकाची लेखी संमती जोडावी, कारण घर सोडताना अनामत रकमेचा वाद अनेकदा याच छिद्रांवरून होतो.

सोसायटीची परवानगी

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. छत्रीवरील एलएनबीकडून, म्हणजे उपग्रहाचे संकेत पकडणाऱ्या छोट्या उपकरणाकडून, येणारी वायर केवळ संकेत आणत नाही. बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि कोणत्या ध्रुवणातील (लहरींच्या कंपनाच्या दिशेतील) संकेत हवे आहेत हे त्यावरून ठरते. एका वायरीला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले, तर दोघांच्या मागण्या एकमेकांना छेद देतात आणि एका टीव्हीवरील काही वाहिन्या गायब होतात. म्हणून दोन आउटपुटांचा ट्विन किंवा चार आउटपुटांचा क्वाड एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्ससाठी स्वतंत्र आरजी-६ प्रकारची कोअॅक्सियल वायर ओढावी लागते. छत्री गच्चीवर असेल, तर ही दुसरी वायर सामाईक डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून खाली येते, आणि या दोन्ही जागा सोसायटीच्या आहेत.

खिडकीच्या ग्रिलवर छत्री लावू, असे म्हणणाऱ्यांनी आधी दिशा पाहावी. आपल्याकडील डीटीएच उपग्रह प्रामुख्याने ८३ ते ९५ अंश पूर्व रेखांशावर आहेत. ठाण्याहून ते आग्नेयेला, किंवा आग्नेय आणि दक्षिण यांच्या मध्ये, क्षितिजापासून सुमारे ५५ ते ६५ अंश उंचीवर येतात. घोडबंदर रोडवरील ज्या घरांच्या खिडक्या पश्चिमेला येऊरच्या डोंगराकडे उघडतात, त्यांना गच्चीशिवाय पर्याय उरत नाही. दक्षिणेकडे बाल्कनी असली, तरी वरच्या मजल्याचा स्लॅब एवढ्या उंच कोनात आडवा येतो.

सचिवांच्या नावे अर्ज लिहून त्यात सदनिका क्रमांक, छत्रीची जागा, वायरीचा मार्ग आणि काम करण्याची तारीख द्यावी, व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. वॉटरप्रूफिंगच्या थराला छिद्र न पाडता वजनी स्टँडवर छत्री बसवू, असे लिहून दिल्यास समितीची मुख्य शंका मिटते. पाऊस सुरू होण्यापूर्वी काम उरकावे; जोडांत पाणी शिरले, की आधीच पावसात क्षीण होणारा संकेत आणखी ढासळतो.

अर्ज आणि शुल्क

अर्ज कंपनीच्या ॲपवरून, कस्टमर केअरला फोन करून किंवा अधिकृत विक्रेत्याकडे करता येतो. अर्जात “दुय्यम जोडणी” असाच उल्लेख आहे, हे पाहावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी. बॉक्स विकतचा आहे की भाड्याचा, हमी किती काळाची आहे आणि अनामत परत मिळणार का, हे त्यावर लिहिलेले असावे. एकाच घरातील प्रत्येक टीव्हीसाठी वेगळ्या वाहिन्या निवडता येतात. लहान पडद्याच्या टीव्हीला महागड्या एचडी वाहिन्या घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२० च्या सुधारणेत दुसऱ्या व त्यापुढील टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे ठरवले होते. जुलै २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरील आणि जोडणी बसवण्याच्या शुल्कावरील कमाल मर्यादा काढण्यात आल्या, मात्र दर जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर राहिले. त्यामुळे दुय्यम जोडणीचे मासिक शुल्क, वाहिन्यांचे दर, बसवण्याचा खर्च आणि १८ टक्के जीएसटी यांचा वेगवेगळा तपशील पैसे भरण्यापूर्वी लेखी मागावा.

तक्रार

आधी कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, नंतर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथेही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. तेथील रहिवाशांनी तक्रार रायगडच्या आयोगाकडे द्यावी.