दूरच्या ग्राहकांकडील सॉफ्टवेअर अपडेट : पार्श्वभूमी

पणजी किंवा म्हापशात पाच-सात जणांचे सॉफ्टवेअर कार्यालय आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत विखुरलेल्या फार्मस्या, पतसंस्था, लॉज हे त्याचे ग्राहक, अशी व्यवस्था गोव्यात जुनी आहे. 2005 साली व्हॅट आला त्या काळात नवी आवृत्ती सीडीवरून जाई, नंतर ती पेन ड्राइव्हवरून जाऊ लागली, आणि इंटरनेट बरे झाल्यावर तंत्रज्ञ दूरस्थ जोडणी घेऊन एकेक संगणक हाताळू लागला.

ही पद्धत 1 जुलै 2017 रोजी अपुरी ठरली. जीएसटी मध्यरात्रीपासून लागू होणार असल्याने सर्व ग्राहकांना बदल एकाच रात्री हवा होता. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून बहुतेक रेस्टॉरंटांचा दर 18 किंवा 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि तीच धावपळ पुन्हा झाली. हे संगणक ग्राहकाच्या मालकीचे आणि राउटरच्या आड असल्याने पुरवठादाराचा सर्व्हर बाहेरून त्यांत शिरू शकत नाही. म्हणून प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्राम ठेवायचा आणि त्याने ठराविक वेळी सर्व्हरकडे विचारणा करायची, ही रीत सोयीची ठरली. वेळ मात्र रात्रीची ठेवून चालत नाही, कारण पावसाळ्यात विजेच्या भीतीने दुकानदार मेन स्विच पाडूनच घरी जातो. त्यापेक्षा दुकान दुपारी बंद असते तेव्हा संगणक चालू ठेवायला त्याला राजी करणे सोपे.

खरा गुंता ‘अपडेट’ या शब्दाचा आहे. त्यात प्रोग्राम बदलणे येते, डेटाबेसची रचना बदलणे येते आणि दरांचा तक्ता बदलणेही येते. प्रोग्राम बिघडला तर जुनी आवृत्ती परत बसवता येते, पण रचना बदलल्यावर तासभर बिले फाडली गेली असतील, तर कालचा बॅकअप ती बिले परत देत नाही. तक्ता मात्र निरुपद्रवी समजला गेला. दर प्रोग्रामात न गोठवता ‘या तारखेपासून लागू’ अशा नोंदीने तक्त्यात ठेवले, तर तो आधी पाठवून ठेवता येतो आणि त्या दिवशी कोणी काही करावे लागत नाही. ही सुधारणा निर्विवाद चांगली होती. तिच्यामुळे तक्त्याला ग्राहकाच्या संमतीतून आणि टप्प्याटप्प्याच्या वाटपातून सूट देण्याची सवय मात्र वादग्रस्त आहे.

19 जुलै 2024 रोजी या सवयीची परीक्षा जगभर झाली. एका सुरक्षा-सॉफ्टवेअरची सदोष माहिती-फाइल सर्वत्र एकदम गेली आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. प्रोग्रामची आवृत्ती मुद्दाम एक पायरी मागे ठेवणारे ग्राहकही त्यातून सुटले नाहीत, कारण ती मर्यादा माहिती-फाइलला लागूच नव्हती. बंद पडलेला संगणक सर्व्हरकडे विचारणाही करू शकत नाही, त्यामुळे असंख्य ठिकाणी दुरुस्तीला माणूसच पाठवावा लागला.

अपडेटचा मार्गच शत्रूच्या हाती जाण्याचा धोका त्याआधीच दिसला होता. जीएसटीच्या चार दिवस आधी, 27 जून 2017 रोजी, युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला आणि न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे पॅकेज खरोखर पुरवठादाराचेच असल्याची खूण, तपासल्याशिवाय ते न बसवणे आणि ही स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली अपडेटच्या सर्व्हरवर न ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत. छोट्या कार्यालयात किल्ली आणि सर्व्हर दोन्ही एकाच संगणकावर ठेवण्याचा मोह मोठा असतो.

22 सप्टेंबर 2025 रोजी बहुतेक औषधांचा दर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. निर्णय 3 तारखेला जाहीर झाला होता, म्हणजे हाताशी 19 दिवस होते. तक्ता आधी दोन-तीन फार्मस्यांत चालवून पाहून मग इतरांना सोडण्यास ते पुरेसे होते.