द्रावक खोल जातो, शिसे वरच राहते

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट खोदलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. वर शाळा झाली, आजूबाजूला घरे उभी राहिली. पुढे रसायने तळघरांत झिरपू लागली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत ‘सुपरफंड’ कायदा आला. कचरा पुरला तेव्हा ते बेकायदा नसले, तरी सफाईचा खर्च आता ज्याचा कचरा त्याच्याकडून वसूल करता येऊ लागला.

इलेक्ट्रॉनिक्स उद्योग तोवर स्वच्छ समजला जाई, कारण त्याला धुराडी नव्हती. १९८१ च्या अखेरीस सॅन होजे इथल्या एका सेमीकंडक्टर कारखान्याची जमिनीखालची टाकी गळून द्रावक, म्हणजे सुटे भाग धुण्याचे रसायन, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत गेल्याचे आढळले. मग शोध सुरू झाला. सिलिकॉन व्हॅलीच्या सांता क्लारा काउंटीत आज २० हून अधिक सुपरफंड जागा, म्हणजे या कायद्याखाली सफाईसाठी नोंदलेल्या जागा, आहेत; दुसऱ्या कुठल्याही काउंटीत इतक्या नाहीत.

यातले बरेचसे द्रावक क्लोरीनयुक्त. ट्रायक्लोरोएथिलीनचेच घ्या. पाण्याच्या जवळपास दीडपट जड असल्याने ते भूजलातूनही खाली बुडते आणि चिकणमातीच्या थरावर साचते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक लिटर द्रावक सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊ शकतो.

पहिला उपाय साधा होता: पाणी उपसा, हवा मारून किंवा सक्रिय कोळशातून गाळून साफ करा. सुरुवातीला आकडे झपाट्याने उतरत, मग वर्षानुवर्षे तिथेच अडत. पंप बंद केला की पुन्हा चढत, कारण चिकणमातीत मुरलेला द्रावक हळूहळू पाण्यात परत येत राहतो. म्हणून पुढे उगमावरच उपाय होऊ लागले. भूजलपातळीच्या वरच्या मातीतून बाष्प ओढून घेतात, खाली द्रावकाचे विघटन करणारे परमँगनेट सोडतात किंवा क्लोरीन तोडणारे डीहॅलोकॉकॉइडीस जिवाणू वाढवतात. जिवाणूंचे काम अर्ध्यावर थांबले तर व्हिनाइल क्लोराइड साचते, आणि ते मूळ द्रावकापेक्षा घातक असते. नमुन्यात क्लोरीन पूर्ण निघाल्यावर उरणारे इथिलीन दिसेपर्यंत काम संपले असे मानू नये.

दुसरा धडा जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू मोडताना मिळाला. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा बाझल करार १९८९ चा, अंमल १९९२ पासून. तरी २००२ मध्ये चीनमधल्या ग्वेयू इथली दृश्ये जगापुढे आली. शेगडीवर सर्किट बोर्ड तापवायचे, १८३ अंशांना सोल्डर (भाग जोडणारा शिसे-कथिलाचा मिश्रधातू) वितळले की सुटे भाग ओढून काढायचे, मग सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवायचे. तांब्यासाठी पीव्हीसी वायरी जाळत. त्या आगीत डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन तयार व्हायला तांबेच उत्प्रेरक ठरते.

इथे पंप कामाचा नाही. शिसे बारीक कणांना चिकटून वरच्या थरातच राहते. आम्ल ओतलेल्या जागी मात्र कॅडमियम आणि तांबे खाली सरकतात. आधी चौकटी आखून हातातल्या एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या यंत्राने, मोजणी करतात. माती वाळवून चाळली नाही तर ओलाव्यामुळे आकडा कमी येतो आणि दूषित चौकट सुटून जाते. रेताड माती धुता येते: वाळू वेगळी निघते, शिसे गाळात उरते. माती चिकण असेल तर जवळपास सगळाच गाळ, म्हणून धुण्यात अर्थ नाही.

मग धातू जागेवर बांधतात. फॉस्फेट शिशाला पक्के धरते, पण मातीत आर्सेनिक असेल तर तेच फॉस्फेट त्याला मोकळे करते. सिमेंट जास्त पडून पीएच १२ च्या आसपास गेला तर शिसे पुन्हा विरघळू लागते. मिश्रण आधी प्रयोगशाळेत तपासायचे ते यासाठी.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने नव्या उपकरणांत शिशाची मर्यादा ०.१ टक्के आणि कॅडमियमची ०.०१ टक्के केली, काही सवलती ठेवून. जुना माल मात्र येतच राहिला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या नरसाळ्याची शिसेयुक्त काच पूर्वी वितळवून नव्या ट्यूबमध्ये जाई. सपाट पडदे आले, तसे तिचे गिऱ्हाईकच गेले, आणि गोदामांत तिचे ढीग साचले.