प्लग ओढून घ्यायची परीक्षा

कोकणात जून उजाडला की लाईटचा भरवसा नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा मुलखात एखाद्या पतसंस्थेच्या मागच्या खोलीत फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा सर्व्हर असेल आणि त्यातल्या रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर बदलायचा असेल, तर नवा ड्रायव्हर किती वेगवान आहे हे मी सगळ्यात शेवटी विचारीन.

ड्रायव्हर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, निरोप कार्डाला देतो, काम झाल्याचं वर कळवतो आणि उत्तर वेळेत आलंच नाही तर पुन्हा विचारायचं की कार्ड रीसेट करायचं ते ठरवतो. पहिल्या दोन गोष्टी रोज लाखो वेळा घडतात, तिसरी क्वचित. चुका दडतात त्या तिथेच.

पहिली अडचण मात्र साधी, नावाची. मेगारेड या नावाच्या काही रेड कार्डांना फ्रीबीएसडीतले दोन ड्रायव्हर चालतात: जुना एमएफआय आणि नवा एमआरएसएएस. फ्रीबीएसडीच्या बऱ्याच आवृत्त्यांत अशी कार्डं आपोआप जुन्याकडे जातात. तिथे नव्याकडे द्यायला बूटच्या वेळची एक सेटिंग बदलावी लागते. ती बदलली की कालची ‘एमएफआयडी०’ डिस्क आज ‘डीए०’ होते. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) जुनं नाव राहिलं असेल तर सर्व्हर ‘मुख्य डिस्क कुठली?’ असं विचारत माउंटरूटच्या प्रॉम्प्टवर येऊन थांबतो. डेटा जागच्या जागी असतो, पण काउंटरवर रांग लागलेली असताना हे कोणाला पटवणार? म्हणून आधी डिस्कला लेबल (ड्रायव्हर बदलला तरी न बदलणारं नाव) लावा, मग ड्रायव्हरला हात घाला.

मग फिओ. लिनक्सचा ब्लॉक लेयर, म्हणजे डिस्कशी बोलणारा भाग, सांभाळणाऱ्या येन्स अ‍ॅक्सबो यांचं हे साधन बहुतेक जण वेग मोजायलाच वापरतात. त्याचा व्हेरिफाय पर्याय जास्त कामाचा: चेकसमसकट (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यासकट) लिहायचं, नंतर वाचून पडताळायचं. हे चालू असताना रेडमधली एक डिस्क खुशाल ओढून काढावी (डेटा चाचणीचा हवा, खातेदारांचा नव्हे!). लॉगमध्ये इशारे येणारच. लेखन सावरतं का आणि चेकसम जुळतात का, एवढं बघायचं.

खरी कसोटी विजेची. लिलाव करणारा मासळीचा भाव डोक्यात ठेवून ‘झालं’ म्हणतो, वहीत मागाहून उतरवतो. कार्डही तसंच, स्वतःच्या मेमरीत घेऊन ‘लिहिलं’ सांगतं. कार्डावर बॅटरी असेल तर हे खपतं. नसेल, तर ही मेमरी (कॅश) डिस्कवर रिकामी करायची आज्ञा ड्रायव्हरने खाली पोचवायलाच हवी. त्याने ती मधेच गिळली तर वेगाचे आकडे मात्र झकास येतात.

तपासायला एक छोटा प्रोग्राम पुरतो. तो चढते क्रमांक डिस्कवर लिहितो आणि एफसिंक (‘डिस्कवर पक्कं उतरव’ ही आज्ञा) यशस्वी झाला की तोच क्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला कळवतो. मधेच सर्व्हरची वायर ओढायची. शटडाउन नको, यूपीएसही नको. पुन्हा सुरू केल्यावर समजा दुसऱ्या मशीनकडे ४८१२ आहे आणि डिस्कवर ४७९० पर्यंतच, तर २२ नोंदी गेल्या. थाप ड्रायव्हरने मारली, कार्डाने की डिस्कने, हे जुन्या ड्रायव्हरवर हीच चाचणी केल्याशिवाय ठरवू नये.

किनाऱ्यावर आणखी एक भानगड असते. खाऱ्या, दमट हवेने कनेक्टर गंजतात आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो. साटा डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट माहिती ठेवते, तीत बहुधा १९९ क्रमांकाला सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलवरून येता-जाता बिघडलेल्या डेटाचा आकडा असतो. तो चाचणीआधी टिपून ठेवावा. चाचणीत वाढला, तर आधी केबल बदलून बघा.

परतीची वाटही हवी. झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर बीईसीटीएल या आज्ञेने जुनं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची आधीची, बूट होणारी प्रत) राखून ठेवता येतं. पण फ्रीबीएसडीच्या नव्या आवृत्तीवर ‘पूल (झेडएफएसने एकत्र केलेल्या डिस्क) अपग्रेड करा’ अशी सूचना दिसली तरी लगेच करू नका. ते उलट फिरवता येत नाही, आणि जुना कर्नल तो पूल उघडायला नकार देऊ शकतो.