ब्राझीलची सरकारी युनिव्हर्सिटी म्हणजे श्रीमंतांची मजा? नाही हो

हे वाक्य ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय की फेडरल युनिव्हर्सिटीत फी नाही, पण शिकतात तिथे महागड्या प्रायव्हेट शाळेतली पोरं, आणि बिल भरतो गरीब. आता फी नाही हे खरंच आहे, 1988 च्या घटनेतच सरकारी शिक्षण मोफत आहे, आणि 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनच्या नावाखाली घेतले जाणारे पैसेपण बंद केले. श्रीमंत पोरांचंही एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं, विशेषतः मेडिकलला, म्हणूनच तर हे इतकं चिकटलंय.

पण 2012 ला कोट्याचा कायदा आला, निम्म्या जागा सरकारी शाळेतल्या मुलांना, त्यातच पुढे उत्पन्न आणि वंशाचे निकष. 2018 च्या देशव्यापी सर्व्हेत फेडरल युनिव्हर्सिटीतले साधारण 70 टक्के विद्यार्थी दरडोई दीड किमान वेतनापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातले निघाले. दरडोई बरं का, घराचं एकूण नाही, इथेच लोक गडबड करतात.

आणि फ्रोंतेरा सुल फेडरल युनिव्हर्सिटी बघा ना, 2009 च्या कायद्याने झालेली, मुख्यालय शापेकोला, कॅम्पस पाराना, सांता कातारिना आणि रिओ ग्रांदे दो सुल अशा तीन राज्यांत, तेही राजधान्यांपासून लांब छोट्या शेतकऱ्यांच्या पट्ट्यात, आणि ती मागितली होती शेतकरी संघटनांनीच, लारांजेरास दो सुलचा कॅम्पस तर भूमिहीनांच्या वसाहतीच्या जमिनीवर उभा आहे. कुठले श्रीमंत जाणार तिकडे!