खोइन आणि बाटलीचा सापळा: तोंड कुठल्या दिशेला?

खोइन म्हणजे पऱ्यात, लहान ओढ्यात, मासे धरायला लावायची कामट्यांची निमुळती टोपली; बाटलीचा सापळा प्लास्टिकची बाटली कापून केलेला. बाहेरून पाहिलं तर दोन्ही एकाच घडणीचे वाटतात. एका टोकाला रुंद तोंड, मागे निमुळता भाग, आत गेलेला मासा बाहेर येत नाही. त्यामुळेच घोटाळा होतो. पावसात दरड कोसळून रस्ता तुटलेला, वाडी दोन-तीन दिवस अडकलेली, शिधा संपत आलेला. अशा वेळी कुणी प्लास्टिकची बाटली कापून पऱ्याच्या धारेत खोइनीसारखी लावतो, तर कुणी खोइन विणून आत आमिष ठेवतो आणि संथ कोंडीत, म्हणजे डोहात, सोडतो. सकाळी दोघांच्या हाती काहीच लागत नाही. बांधणी चांगली असूनही असं होतं, कारण ही दोन साधनं मासा वेगवेगळ्या कारणाने अडवतात.

खोइन पकडते पाण्याच्या जोरावर. तिच्या आत झडप नसते, जीभ नसते, आमिषही लागत नाही. धारेबरोबर खाली येणारा मासा तोंडातून आत ढकलला जातो, निमुळत्या शेपटीत त्याला वळायला जागा उरत नाही आणि मागून येणारं पाणी त्याला तिथेच दाबून ठेवतं. बाटलीचा सापळा पकडतो माशाची वाट चुकवून. मासा वासाच्या मागे अरुंद गळ्यातून आत शिरतो. बाहेर पडायची वाट मात्र तो भिंतीला चिकटून शोधतो, आणि गळ्याचं भोक मधोमध असल्याने त्याला ते सापडत नाही. म्हणून खोइनीचं तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या दिशेला करायचं. बाटलीचं तोंड खालच्या अंगाला. आमिषाचा वास प्रवाहाबरोबर खाली वाहतो आणि मासा त्या वासावर पाणी कापत वर येतो. बाटली उलटी लावली तर वास मागच्या भोकांतून निघून जातो, मासे बंद बुडाशी घुटमळतात आणि गळ्याकडे फिरकतही नाहीत.

खोइनीला ओढ लागते. जागा निवडण्याआधी पाण्यावर एक पान सोडून बघावं. एका सेकंदात ते दोन हात तरी पुढे जायला हवं. त्याहून संथ पाण्यात वीतभर मासासुद्धा आरामात मागे वळून तोंडातून निघून जातो. पऱ्या जिथे दगडांमधून आवळला जातो आणि लगेच वीतभर खाली पडतो, ती जागा उत्तम. वरच्या बाजूला दगडांचे दोन बांध तिरके घालून पाणी मधल्या हातभर फटीत आणायचं. दगडांमधल्या भेगा पेंढा, गवत आणि चिखलाने बुजवायच्या. बहुतेकांची खोइन फसते ती इथेच. विणकाम नीट असतं, पण अर्धं पाणी बांधाच्या बाजूने निसटतं आणि मासाही त्याच वाटेने जातो.

विणायला चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कामट्या घ्याव्यात, साधारण सव्वा मीटर लांब. दोन कामट्यांत करंगळी जाणार नाही एवढंच अंतर ठेवावं. तोंडाशी हातभर व्यासाचं कडं, मध्ये त्याच्या निम्म्याचं, आणि शेपटीकडे मूठ जाईल एवढं. कडी ओल्या वेलाची किंवा चिव्याची चालतात, बांधायला सुंभ. शेपटीचं टोक गाठ मारून बंद करायचं, म्हणजे मासे काढताना तेवढीच गाठ सोडता येते. कामट्या नसतील तर कांद्याची जाळीदार गोण वेलाच्या कड्याला शिवून काम भागतं. साडी किंवा मच्छरदाणी मात्र लावू नये. बारीक कापडातून पाणी पुरेसं निघत नाही, ते फुगतं आणि कडं उखडून निघतं. शेपूट दगडांवर अशी टेकवावी की तिचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील. शेपटी पूर्ण बुडालेली असली आणि ओढ कमी झाली की मासे पोहत परत येतात.

लावून झोपायला जाण्याचं हे साधन नव्हे. पहिल्या पावसात पऱ्याला इतका पातेरा, म्हणजे पालापाचोळा, येतो की तासाभरात कामट्या बुजतात. मग पाणी आतून न जाता तोंडावर चढतं आणि बांध फुटतो. दर तासाला पातेरा काढावा लागतो. एकट्या, थकलेल्या माणसाला हे झेपत नाही. चार माणसं, एक कोयता आणि चांगला पऱ्या असेल तरच खोइनीच्या नादी लागावं.

एकट्याला बाटलीच बरी. दोन लिटरची बाटली खांदा संपून सरळ भाग सुरू होतो तिथे कापायची, टोपण काढून टाकायचं आणि वरचा भाग उलटा करून आत बसवायचा. कडेला चार ठिकाणी जोडीने भोकं पाडून दोऱ्याने बांधायचं. तापवलेल्या खिळ्याने बाटलीच्या अंगभर तीन-चार मिलिमीटरची भोकं पाडावीत, तीस-चाळीस तरी. भोकं कमी पडली तर आत हवा कोंडून बाटली तरंगते, वास पसरत नाही आणि अडकलेले मासे गुदमरून मरतात. आत तीन-चार मुठी गोटे टाकावेत आणि कडेच्या भोकात दोरी बांधून तिचं दुसरं टोक काठावरच्या मुळाला अडकवावं.

बाटलीच्या मानेचं भोक जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं, त्यातून मळे नावाचे बारीक मासे, लहान झिंगे एवढंच येतं. टोपण बसतं ते आट्यांचं नळकांडं कापून टाकलं तर ते तीन सेंटिमीटरच्या आसपास होतं. त्याहून मोठा मासा हवा असेल तर पाच लिटरचा कॅन घ्यावा. भोक मोठं केलं की परतीची वाटही मोठी होते, म्हणून तिथे माडाच्या झावळीचे हीर लावायचे. वीतभराहून थोडे आखूड असे दहा-बारा हीर भोकाभोवती आतल्या बाजूला टोकं जवळ येतील असे बांधले की आत जाताना ते वाकतात आणि बाहेर येताना मिटतात. पारंपरिक बांबूच्या सापळ्यांतही गळ्याला असेच लवचीक काटे ठेवलेले असतात.

आमिष म्हणून माशाची आतडी, ठेचलेला खेकडा, तिसऱ्यांचं मांस, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा यांतलं काहीही चालतं. ते फडक्याच्या पुरचुंडीत बांधून मधोमध लोंबकळत ठेवायचं. भिंतीला टेकलं तर मासे भोकांतून बाहेरूनच कुरतडतात. कोळंबी रात्री फिरते, म्हणून सापळा तिन्हीसांजेला लावून पहाटे काढावा. त्याहून उशीर नको. आपल्या उकाड्यात मेलेली मासळी काही तासांत खराब होते.

खाडीत फरक आणखी ठळक होतो, कारण तिथे पाणी दिवसातून चारदा दिशा बदलतं. खोइन ओहोटीच्याच वेळी काम करते, तीही कालव्याच्या किंवा मानशीच्या, म्हणजे खारबांधातल्या दरवाज्याच्या, अरुंद तोंडाशी. बाटली मात्र भरती आणि ओहोटी दोन्हींत चालते, फक्त ती ओहोटीला उघडी पडणार नाही एवढी खाली लावायला हवी. पंचांग जवळ असेल तर भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. हा मुंबईकडचा अंदाज आहे, दक्षिणेला वेळ थोडी मागेपुढे होते. उधाणाला जिथे पाणी चढलं होतं तिथे भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, ते पोचतही नाही, म्हणून अमावस्येला लावलेला सापळा अष्टमीला त्याच जागी ठेवू नये.

काढताना दोन्हींत हात घालायचा नाही. खोइनीत दिवड साप शिरतो, खाडीच्या सापळ्यात शिंगाळा मासा असतो आणि त्याच्या काट्याची जखम फार ठणकते. सगळं उघड्या जमिनीवर ओतावं. पोट फुगवणारा केंड मासा निघाला तर तो फेकून द्यावा. त्याचं विष शिजवून जात नाही. गोड्या पाण्यातला खेकडा पूर्ण शिजवूनच खावा, अर्धकच्च्यात फुप्फुसाच्या कृमींची अळी राहू शकते. पुराचं पाणी गावातल्या गटारांतून, गोठ्यांतून आलेलं असेल तर तिथे सापळा लावू नये आणि पायाला चीर असताना त्यात उतरू नये, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. कासव अडकलं तर सोडून द्यावं. रानातल्या सशा-मोरांसाठी फासे लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

मृगात चढणीला लागलेली मासळी गाभोळीने भरलेली असते. ती शेतांत, खाचरांत जाऊन अंडी घालते आणि त्यावर पुढच्या वर्षीचा पऱ्या भरतो. म्हणून तेव्हा पऱ्या पूर्ण अडवू नये, एक तृतीयांश पात्र मोकळं ठेवावं. खोइनीचा खरा हंगाम भात तयार होताना, खाचरांचं पाणी सोडतात तेव्हाचा. तेव्हा मासे आपणहून खाली येतात आणि अंडी घालून झालेली असते.

काम संपलं की बाटली बाहेर काढायची. सुटलेली खोइन एका पावसात मोडून वाहून जाते. प्लास्टिकचा सापळा मात्र वर्षानुवर्षं तळाशी पडून राहतो आणि आमिष संपल्यावरही मासे पकडत राहतो, कारण आत मेलेला मासाच पुढच्याचं आमिष होतो. म्हणून लावलेल्या प्रत्येक सापळ्याची दोरी काठावर दिसेल अशी बांधावी आणि निघताना सगळ्या दोऱ्या मोजून घ्याव्यात.