निळ्याचं लाल, पिवळ्याचंही लाल: आम्ल-आम्लारी ओळखण्यामागचा इतिहास

हळदीचा डाग साबणाने चोळला की लालसर होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा दिसतो. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक आहे. युरोपातल्या रंगाऱ्यांनाही झाडाफुलांचे रंग असे पालटताना दिसत होते. पण आम्ल की आम्लारी हे ओळखायला या पालटाचीच कसोटी करावी, हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने, १६६४ साली.

तोवर आम्लाची मुख्य खूण म्हणजे आंबट चव. अनोळखी द्रव जिभेवर ठेवायचा, यात केवढा धोका! बॉइलने व्हायोलेट फुलांचा निळा पाक पांढऱ्या कागदावर घेतला. त्यावर व्हिनेगर पडलं की तो लाल झाला, राखेतून काढलेल्या पोटॅशचं, म्हणजे आम्लारीचं, पाणी पडलं की हिरवा. थेंबभर पदार्थ पुरे, आणि फरक कोणालाही दिसावा असा. मला या साऱ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

शाळेतला लिटमसही असाच निसर्गातून आला. मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतली काही दगडफुलं अमोनिया, पोटॅश आणि चुना घालून आंबवली की हा रंग मिळतो. हळदीचा कागदही युरोपच्या प्रयोगशाळांत रुळला होता. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने विजेच्या प्रयोगांत तो वापरला. हळद आम्लात पिवळीच राहते, म्हणून तिच्यावरून फक्त आम्लारी कळते.

रंग कळला, कारण मात्र फार उशिरा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं, आम्लता ऑक्सिजनमुळे येते. 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थच मुळी 'आम्ल घडवणारा'. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच, हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवलं आणि ती समजूत ढासळली. पुढे स्वीडनच्या अर्‍हेनियसने पाण्यात सुटणाऱ्या हायड्रोजन आयनांकडे, म्हणजे विद्युतभार असलेल्या हायड्रोजनच्या कणांकडे बोट दाखवलं.

मग प्रश्न आला, आम्ल आहे खरं, पण किती? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन विकरांवर (एन्झाइमांवर) काम करत होता. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्यांनी उभारलेली. विकरांचं काम हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असतं, आणि ते आकडे फारच बारीक. म्हणून १९०९ मध्ये त्याने पीएच मोजपट्टी आणली. तिच्यात एक अंक खाली उतरलं की आम्लता दहापट वाढते. माती परीक्षणाच्या अहवालात 'सामू' म्हणून छापलेला आकडा तो हाच. आपल्या काळ्या जमिनीत तो बहुधा सातच्या वर, म्हणजे आम्लारीच्या बाजूला असतो.